शेवटचा डबा कुठे पोहोचला?

कोकण रेल्वेच्या उक्षी आणि भोके या दोन स्थानकांच्या मध्ये करबुड्याचा बोगदा आहे. लांबी ६,५०६ मीटर, म्हणजे साडेसहा किलोमीटर. मुंबईहून मडगावला दिवसा जाणाऱ्या मांडवी एक्स्प्रेसमध्ये बसलात, तर रत्नागिरी यायच्या थोडे आधी तो लागतो. गाडी आत शिरते, खिडकीबाहेर एकदम काळोख होतो, चाकांचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट मोठा वाटायला लागतो, कानांना किंचित दडे बसतात आणि डब्यातली पोरे आरडाओरडा करतात. त्या वेळी हातात घड्याळ असेल तर रेल्वेच्या गणितातला एक फार चांगला प्रश्न समोर उभा असतो : गाडीला हा बोगदा पार करायला किती वेळ लागतो?

गाडी ताशी ९० किमी वेगाने एकसारखी धावते आहे असे धरू. एलएचबी पद्धतीचा एक डबा साधारण २४ मीटर लांब असतो. असे २२ डबे आणि वीसेक मीटरचे इंजिन मिळून गाडीची लांबी झाली सुमारे ५५० मीटर. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. आता उत्तर काढा म्हटले की बहुतेक जण ६,५०६ ला २५ ने भागतात आणि २६० सेकंद, म्हणजे ४ मिनिटे २० सेकंद असे सांगतात. काही जण आधी गाडीची लांबी मिळवतात, ७,०५६ ला २५ ने भागतात आणि २८२ सेकंद सांगतात. कोण बरोबर?

दोघेही. प्रश्न मात्र वेगवेगळे आहेत. खिडकीत बसलेल्या तुम्हाला काळोख किती वेळ दिसला, याचे उत्तर २६० सेकंद. तुम्ही एक बिंदू आहात, बोगद्याच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत गेलात, तुमच्या पुढे-मागे किती डबे होते याच्याशी तुमच्या काळोखाचा संबंध नाही. इंजिनाचे नाक आत शिरल्यापासून शेवटच्या डब्याची शेपटी बाहेर पडेपर्यंतचा वेळ विचारला असेल, तर तो २८२ सेकंद. आणि तिसराही प्रश्न आहे : गाडी संपूर्णपणे, एकही डबा बाहेर न राहता, बोगद्याच्या आत किती वेळ होती? त्यासाठी लांबी वजा करायची. ५,९५६ भागिले २५, म्हणजे २३८ सेकंद.

२३८, २६०, २८२. दोन्हीकडचा फरक बरोबर २२ सेकंदांचा आहे, आणि हे २२ सेकंद म्हणजे ५५० मीटरच्या गाडीला रुळालगतचा एखादा खांब ओलांडायला लागणारा वेळ. तिन्ही उत्तरांत वेग तोच आहे, बोगदा तोच आहे. आपण कोणाकडे पाहत होतो, एवढेच बदलले. शाळेत, शिष्यवृत्तीच्या परीक्षेत, पोलिस भरतीत आणि रेल्वे भरतीत मुले चुकतात ती भागाकारात क्वचितच. ती चुकतात ती नेमके कुठून कुठपर्यंतचे अंतर भागायचे, या ठिकाणी.

म्हणून या प्रकरणात मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणार आहे : शेवटचा डबा कुठे होता आणि कुठे पोहोचला? ‘गाडीने फलाट ओलांडला’ याचा अर्थ शेवटच्या डब्याने फलाट सोडला. मोजणी सुरू झाली तेव्हा इंजिनाचे नाक फलाटाच्या अलीकडच्या टोकाला होते, तेव्हा शेवटचा डबा त्याच्याही मागे गाडीच्या लांबीइतका होता. म्हणजे त्याला एकदा गाडीची लांबी आणि मग फलाटाची लांबी कापायची आहे. खांब असेल तर फलाटाची लांबी शून्य. उभा माणूस, सिग्नल, झाड हे सगळे खांबच. पूल आणि बोगदा हे फलाटच. पुस्तकात या सगळ्यांना वेगवेगळी सूत्रे देतात, ती पाठ करण्याची गरज नाही.

रेल्वे स्वतःही हेच करते. कोणत्याही गाडीच्या शेवटच्या डब्यामागे ‘एलव्ही’ (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) अशी अक्षरे लिहिलेली पाटी असते आणि रात्री तांबडा दिवा असतो. गाडी स्थानकातून धडधडत निघून गेली तरी स्टेशन मास्तरच्या दृष्टीने ती गेलेली नसते. ती पाटी दिसली की मगच गेली. पाटी दिसली नाही तर गाडी मध्येच तुटली असावी, काही डबे मागच्या रुळावर राहिले असावेत, असे धरून त्या पट्ट्यात दुसरी गाडी सोडत नाहीत. आता पुष्कळ ठिकाणी हे काम रुळाला बसवलेली यंत्रे करतात, जितके आस आत गेले तितकेच बाहेर आले का हे ती मोजतात. तत्त्व मात्र जुनेच आहे. त्यामुळे एखाद्या मुलाने ‘गाडीची लांबी का मिळवायची?’ असे विचारले तर त्याला सूत्र न देता ही पाटी दाखवावी.

याच विचाराने एक गणित तोंडी करून पाहू. एक गाडी खांब २२ सेकंदांत ओलांडते आणि ६०० मीटरचा फलाट ४६ सेकंदांत. गाडीची लांबी किती? दोन समीकरणे मांडून ‘क्ष’ आणि ‘य’ काढता येतील, पण मांडू नका. खांबापेक्षा फलाटाला २४ सेकंद जास्त लागले. ते कशासाठी? शेवटच्या डब्याला फलाटाचे ६०० मीटर अधिक चालावे लागले म्हणून. २४ सेकंदांत ६०० मीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. याच वेगाने २२ सेकंदांत ५५० मीटर. झाले. आपलीच गाडी आहे ती.

आता एककांविषयी. अंतर मीटरमध्ये, वेळ सेकंदात आणि वेग ताशी किलोमीटरमध्ये देण्याची परीक्षकांची पद्धत आहे, आणि मुले ‘१८/५ ने गुणायचे की ५/१८ ने’ यावर अडतात. ताशी १८ किमी म्हणजे तासाला १८,००० मीटर. तासात ३,६०० सेकंद. भागाकार ५. तेव्हा ताशी १८ म्हणजे सेकंदाला ५ मीटर, एवढी एक जोडी लक्षात ठेवली की पुरते. ३६ ला १०, ५४ ला १५, ७२ ला २०, ९० ला २५, १०८ ला ३०. गणितांतल्या गाड्या याच वेगांनी का धावतात, हेही यातून कळेल. सेकंदाला मीटर हा आकडा ताशी किलोमीटरच्या आकड्याहून नेहमी लहान असतो. तुमचा मोठा आला असेल तर अपूर्णांक उलटा लागला आहे.

वेग कागदावरच मोजावा असेही नाही. विजेच्या मार्गावर रुळालगत जे लोखंडी खांब असतात, त्यांच्यावर छोटी पाटी असते. तिच्यावर किलोमीटर आणि त्या किलोमीटरमधला खांबाचा क्रमांक लिहिलेला असतो. किलोमीटरचा आकडा बदलला की घड्याळ सुरू करा, पुन्हा बदलला की थांबवा. ३,६०० ला आलेल्या सेकंदांनी भागा. उत्तर थेट ताशी किलोमीटरमध्ये येते. ६० सेकंद लागले तर ताशी ६०, ४५ लागले तर ८०, ४० लागले तर ९०, ३६ लागले तर १००, ३० लागले तर १२०. एकाच किलोमीटरवर विसंबू नये, दोन-तीन मोजावेत.

दुसरी रीत कानाची आहे. आपल्याकडे रुळाचा एक तुकडा परंपरेने १३ मीटरचा. दोन तुकड्यांच्या सांध्यावरून चाक गेले की ठेका पडतो. तासाला एक किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला १३ मीटर जायला ४६.८ सेकंद लागतात. म्हणून ४७ सेकंदांत जितके ठेके ऐकू येतील तितका ताशी किलोमीटर वेग, भागाकार काहीच नाही. मुख्य मार्गांवर आता रूळ जोडून सलग केलेले असतात, तिथे ठेका उरलेला नाही आणि ही रीतही चालत नाही. जिथे सांधे अजून आहेत अशा जुन्या मार्गावर ती जरूर वापरून पाहावी. मला ही पाटीपेक्षा अधिक आवडते, कारण वेग आणि अंतर यांचा संबंध इथे कानाला कळतो.

दोन गाड्या आल्या की गणित अवघड झाले असे वाटते. प्रत्यक्षात सोपे करण्याचा उपाय आपण रोज अनुभवतो. स्थानकात आपली गाडी उभी असते, शेजारची हळूच सुटते आणि क्षणभर वाटते की आपणच निघालो. डोळा एका गाडीला थांबलेली मानतो आणि सगळा वेग दुसरीला देतो. गणितातही तेच करायचे. एका गाडीत बसायचे, तिला थांबलेली मानायचे. समोरून येणारी गाडी दोन्ही वेगांच्या बेरजेने येते. त्याच दिशेने जाणारी गाडी दोन्ही वेगांच्या वजाबाकीने मागे पडते किंवा पुढे जाते.

हा नियम रेल्वेच्या काळातला नाही. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटांनी ‘आर्यभटीय’ रचले. त्याच्या गणितपादात त्यांनी तो स्वच्छ सांगितला आहे : दोन गतिमान वस्तू विरुद्ध दिशांनी जात असतील तर त्यांच्यातल्या अंतराला गतींच्या बेरजेने भागावे, एकाच दिशेने जात असतील तर गतींच्या फरकाने भागावे, म्हणजे त्यांच्या भेटीची वेळ मिळते. त्यांच्या डोळ्यांसमोर ग्रह होते. भेट होऊन गेली असेल तर किती वेळापूर्वी आणि व्हायची असेल तर किती वेळाने, हे दोन्ही त्यांना हवे होते. त्याच ग्रंथाच्या गोलपादात नावेत बसलेल्या माणसाचा दाखला येतो. नाव पुढे जाते आणि त्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात. तसेच पृथ्वीवरच्या माणसाला स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. सुटणाऱ्या गाडीकडे पाहून होणारा आपला भ्रम त्यांनी पंधराशे वर्षांपूर्वी पृथ्वीच्या फिरण्याशी जोडला होता. ज्या नियमाचा धसका भरतीच्या मुलांना असतो तो इतका जुना आणि इतका आपला आहे, हे वर्गात सांगायला हवे.

मनमाड-भुसावळ मार्गावर आपली ५५० मीटरची गाडी ताशी १०८ ने, म्हणजे सेकंदाला ३० मीटरने चालली आहे. समोरून कोळशाची मालगाडी येते. तिचा उघडा डबा, म्हणजे वाघीण, सुमारे १०.७ मीटरचा. असे ५८ डबे, पुढे जोड इंजिने आणि मागे गार्डचा डबा मिळून लांबी ६७५ मीटर. तिचा वेग ताशी ५४, सेकंदाला १५ मीटर. तुमच्या खिडकीसमोरून ती किती वेळ जात राहील? तुम्ही थांबलेले, ती सेकंदाला ४५ मीटरने येते, ६७५ भागिले ४५, पंधरा सेकंद. दोन्ही गाड्या एकमेकींना पूर्ण ओलांडायला किती वेळ घेतील? आता पुन्हा शेवटचा डबा. इंजिने समोरासमोर आली तेव्हा दोघींचे शेवटचे डबे एकमेकांपासून ५५० अधिक ६७५, म्हणजे १,२२५ मीटर लांब होते. ते अंतर मिटायला २७ सेकंदांहून थोडा जास्त वेळ. पंधरा आणि सत्तावीस यांत मुले गोंधळतात. खिडकीतला माणूस खांबासारखा आहे, त्याला लांबी नाही, हे एकदा ठसले की गोंधळ राहत नाही.

तीच मालगाडी शेजारच्या रुळावरून आपल्याच दिशेने जात असेल तर सापेक्ष वेग उरतो सेकंदाला १५ मीटर. खिडकीसमोर ती ४५ सेकंद रेंगाळते आणि पूर्ण मागे टाकायला ८२ सेकंद लागतात. समोरून येणारी गाडी झपकन जाते आणि मागे टाकायची गाडी हटता हटत नाही, त्याचे कारण ही बेरीज-वजाबाकी.

सरासरी वेगाकडे येताना जरा थांबायला हवे, कारण इथे हुशार माणसेही फसतात. जाताना ताशी ४० आणि येताना ताशी ६०, तर सरासरी ५० असे उत्तर चटकन येते. ते चूक आहे. १२० किमी अंतर धरा. जायला तीन तास, यायला दोन तास, पाच तासांत २४० किमी, सरासरी ४८. कमी वेगाने आपण जास्त वेळ घालवतो, म्हणून सरासरी कमी वेगाकडे ओढली जाते. वेगांची सरासरी काढायची नसते. एकूण अंतराला एकूण वेळेने भागायचे असते.

याचा टोकाचा नमुना मुंबई-पुणे मार्गावर मांडता येईल. अंतर १९२ किमी. ताशी ६० ची सरासरी हवी असेल तर ३ तास १२ मिनिटांत पोहोचायला हवे. समजा, अर्धे अंतर, ९६ किमी, गाडी ताशी ३० ने गेली. उरलेल्या अर्ध्यात किती वेग ठेवला म्हणजे सरासरी ६० होईल? ‘९०’ हे उत्तर येते. पण ९६ किमीला ताशी ३० ने लागले ३ तास १२ मिनिटे. सगळा वेळ अर्ध्या वाटेतच संपला! आता कोणताही वेग पुरा पडणार नाही. दक्खनची राणी १ जून १९३० पासून या मार्गावर धावते आणि आजही तिला सव्वातीन तासांच्या आसपास लागतात, म्हणजे सरासरी ताशी साठच्या घरात. सपाटीवर ती याहून पुष्कळ जोरात पळते. मध्ये बोरघाट आहे, ३७ मीटरला एक मीटर असा चढ आहे, कर्जतला गाडीला जादा इंजिने लावावी लागतात. घाटात गेलेली मिनिटे सपाटीवरच्या वेगाने भरून निघत नाहीत, हे वरचे गणित सांगते.

मुंबईच्या लोकलचा हिशेब याहून मनोरंजक आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला भारतातली पहिली प्रवासी गाडी गेली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, १४ डबे, ३४ किमी अंतर आणि ५७ मिनिटे. सरासरी काढली तर ताशी ३६ किमीला थोडी कमी. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून ठाण्याला जाणारी धीमी लोकलही तासाभराच्या आसपासच घेते. वाफेच्या इंजिनापासून विजेच्या गाडीपर्यंत आलो तरी वेळ तोच कसा?

उत्तर थांब्यांत आहे. मशीद बंदरपासून मुलुंडपर्यंत मध्ये सतरा स्थानके आहेत. गाडीला पूर्ण वेग घ्यायला ४० सेकंद आणि थांबायला ४० सेकंद लागतात असे धरा. वेग एकसारखा वाढत किंवा घटत असताना सरासरी वेग पूर्ण वेगाच्या निम्मा असतो. म्हणजे या ८० सेकंदांत गाडी जितके अंतर कापते ते पूर्ण वेगात ४० सेकंदांत झाले असते. थांब्यामागे ४० सेकंद इथेच गेले. त्यात फलाटावरचे २५ सेकंद मिळवा. एका थांब्याची किंमत ६५ सेकंद, सतरा थांब्यांची अठरा मिनिटांहून जास्त. जलद लोकल भायखळा, दादर, कुर्ला आणि घाटकोपर एवढेच थांबे घेत असेल तर तिचे तेरा थांबे वाचले, म्हणजे साधारण चौदा मिनिटे. जलद गाडी ४० ते ४५ मिनिटांत ठाण्याला पोहोचते ती यामुळे. तिचा कमाल वेग धीम्या गाडीपेक्षा जास्त असतो म्हणून नव्हे. पुस्तकातल्या ‘थांबे धरून ताशी ४५ आणि न धरता ताशी ५४, तर गाडी तासाला किती मिनिटे थांबते?’ या गणिताचा प्रत्यक्षातला चेहरा हा आहे. (त्याचे उत्तर दहा मिनिटे. ५४ किमी जाऊ शकणारी गाडी ४५ गेली, ९ किमी कमी पडले, आणि ९ किमीला ताशी ५४ ने दहा मिनिटे लागतात.)

आता माझे सर्वांत आवडते गणित. एक गाडी मुंबईहून नागपूरला आणि दुसरी नागपूरहून मुंबईला, दोन्ही एकाच वेळी सुटतात. वाटेत त्या एकमेकींना ओलांडतात. त्यानंतर पहिलीला नागपूरला पोहोचायला ९ तास लागतात आणि दुसरीला मुंबईला पोहोचायला ४ तास. तर भेट सुटल्यापासून किती तासांनी झाली?

‘एकाच वेळी’ हे दोन शब्द आपण सहज वाचून पुढे जातो. एकोणिसाव्या शतकात ते इतके सोपे नव्हते. मुंबई आपल्या स्थानिक वेळेने चाले आणि रेल्वे मद्रासच्या वेळेने. दोन घड्याळांत अर्ध्या तासाचा फरक असे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत स्थानिक वेळ पुढेही कित्येक वर्षे चालू राहिली. वेगाच्या गणिताला आधी सगळ्यांचे घड्याळ एक लागते.

या गणितात ना अंतर दिले आहे ना वेग, म्हणून पुष्कळ जण पेन ठेवून देतात. पण भेटीची जागा नीट पाहा. भेटीपूर्वी पहिली जितकी वाट चालून आली, तीच वाट भेटीनंतर दुसरीला चालायची आहे. दुसरी तिथे ४ तास घेते. तसेच भेटीपूर्वी दुसरीने चाललेली वाट पहिली ९ तासांत कापते. भेट ‘त’ तासांनी झाली असे म्हणू. पहिल्या तुकड्यावर पहिलीला लागले त तास आणि दुसरीला ४. दुसऱ्या तुकड्यावर पहिलीला ९ आणि दुसरीला त. दोन्ही गाड्यांच्या वेगांचे गुणोत्तर बदलत नाही, म्हणून त ला ४ शी जे नाते, तेच ९ ला त शी. त गुणिले त बरोबर ३६, म्हणून त बरोबर ६. भेट सहा तासांनी. पहिलीला एकूण पंधरा तास, दुसरीला दहा. वेगांचे गुणोत्तर दोनास तीन. गाडीचा वेग किती हे ठाऊक नसताना एवढे सगळे निघाले.

आता अंतर घाला. मुंबई ते नागपूर लोहमार्गाने ८३७ किमी. पहिलीचा सरासरी वेग ताशी ५५.८, दुसरीचा ८३.७. सहा तासांत पहिली ३३५ किमी आली, म्हणजे भेट झाली चाळीसगाव सोडल्यावर थोडे पुढे. याच चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांच्या कुळाचा शिलालेख आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची. त्या मार्गाने जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी उतरून पाटणला जाऊन यावे.

आतापर्यंत दोन गाड्या कुठेही भेटू शकतात असे आपण धरले, कारण दोन रूळमार्ग होते. कोकण रेल्वेवर रोहा ते वीर हा दुपदरी झालेला पट्टा सोडला तर बहुतेक मार्ग एकेरी आहे. तिथे गाड्या वाटेल तिथे एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. ओलांडण्यासाठी स्थानक हवे, तिथे बाजूचा रूळ हवा आणि एका गाडीने थांबून दुसरीला वाट द्यायला हवी. कोकणात जाणाऱ्याला ‘क्रॉसिंगला थांबली आहे’ हे वाक्य पाठ असते. भेट कुठे होईल हे शोधण्याऐवजी इथे भेट कुठे घडवून आणायची, असा प्रश्न पडतो.

तो सोडवायला रेल्वे सूत्रे वापरत नाही, आलेख वापरते. नियंत्रण कक्षात कंट्रोलरसमोर जो तक्ता असतो त्यावर आडव्या दिशेने वेळ आणि उभ्या दिशेने एकाखाली एक स्थानके असतात. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ. रेघ जितकी खडी तितका वेग जास्त. गाडी थांबली की रेघ आडवी. मुंबईहून जाणाऱ्या गाड्यांच्या रेघा एका बाजूला कलतात, येणाऱ्यांच्या दुसऱ्या बाजूला, आणि दोन रेघा जिथे छेदतात तिथे भेट. एकेरी मार्गाचा सगळा नियम एका वाक्यात मावतो : प्रत्येक छेदबिंदू स्थानकाच्या रेषेवरच पडला पाहिजे, मध्ये कुठेही नाही. पूर्वी हा तक्ता पेन्सिलीने काढत, आता संगणकाच्या पडद्यावर उमटतो.

एक गाडी सहा मिनिटे उशिरा आली तर काय होते ते या तक्त्यावर स्पष्ट दिसते. तिची रेघ उजवीकडे सरकते आणि छेदबिंदू स्थानकाच्या रेषेवरून घसरून दोन स्थानकांच्या मध्ये जाऊन पडतो. तसे चालणार नाही. मग समोरच्या गाडीला आहे त्या स्थानकात सहा मिनिटे अडवायचे किंवा उशिराच्या गाडीलाच अलीकडच्या स्थानकात थांबवून समोरची पुढे घ्यायची. अडवलेली गाडी आता स्वतः उशिरा झाली, तिची पुढची क्रॉसिंगे सरकली. एकेरी मार्गावर उशीर असा गाडीगणिक पसरत जातो. पावसाळ्यात कोकण रेल्वे गाड्यांचा वेग कमी करते, साधारण ताशी ७५ पर्यंत, आणि धुवांधार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर ताशी ४० पर्यंत. सगळ्याच रेघा आडव्या कलतात, सगळेच छेदबिंदू जागचे हलतात. म्हणून पावसाळ्याचे वेळापत्रक तिथे मुळातून वेगळे आखावे लागते, नेहमीच्या वेळांत थोडी मिनिटे वाढवून भागत नाही. ताशी ९० ऐवजी ७५ ने गेलात तर करबुड्याचा तुमचा काळोखही २६० सेकंदांवरून ३१२ सेकंदांवर जातो.

मुलांना वेग-अंतर-वेळ शिकवताना हा आलेख सुरुवातीलाच काढायला लावावा असे माझे स्पष्ट मत आहे. चौकटीच्या कागदावर दोन रेघा काढल्या की भेटीची वेळ आणि जागा दोन्ही डोळ्यांना दिसतात, आकडेमोड ही नंतरची पडताळणी ठरते. एक गणित मी वाचकांसाठी सोडवून ठेवतो, ते आलेखावर तपासून पाहा. समोरून दर चार मिनिटांनी एक लोकल सुटते, तिचा वेग आपल्याइतकाच आहे आणि आपला प्रवास तासाभराचा आहे. वाटेत किती लोकल समोरून जातील? साठ भागिले चार, पंधरा, हे उत्तर चुकीचे आहे. आपण निघालो तेव्हाच पंधरा गाड्या वाटेत होत्या आणि आपण जात असताना आणखी पंधरा सुटतात. म्हणून तीसेक गाड्या, दर दोन मिनिटांनी एक. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका यांनी हाच प्रश्न अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांविषयी घातला होता.

ही मोजणी प्रवासात जरूर करा, मात्र खिडकीच्या आत, जागेवर बसून करा. पाट्या नीट दिसाव्यात म्हणून दारात उभे राहू नका, हात किंवा डोके बाहेर काढू नका. विजेचे खांब डब्यापासून हाताच्या अंतरावर असतात आणि ताशी ९० ने धावणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते. खांब दिसला म्हणेपर्यंत तो आलेला असतो.